बाळंतिणीचा वर्ण आणि मृत्यूचे दप्तर

अमेरिकेसारख्या संपन्न देशात, जेथे औषधोपचारावर माणशी होणारा खर्च जगातील इतर कोणत्याही मोठ्या राष्ट्रापेक्षा अधिक आहे, तेथे स्त्रिया बाळंतपणात दगावतात तरी का, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत दगावण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या तिपटीहून अधिक का, असा प्रश्न वर्तमानपत्रातील एखादी बातमी वाचून सामान्य वाचकाच्या मनात उभा राहतो. आणि त्या प्रश्नाच्या पाठोपाठ, बहुधा नकळत, एक उत्तरही येते, ते असे की, त्या स्त्रियांच्या वंशातच, त्यांच्या रक्तातच काही उणे असले पाहिजे. हे उत्तर इतके सहज सुचते, की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. प्रस्तुत प्रकरणात तेच तपासावयाचे आहे. त्यासाठी आपण एकेक संभाव्य कारण हाती घेऊ, उपलब्ध पुरावा त्याच्याशी जुळतो की नाही हे पाहू, आणि जे टिकणार नाही ते बाजूला सारून शेवटी काय उरते याचा निर्णय करू.

१. मोजमाप कशाचे आणि कसे

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित केले पाहिजेत. गर्भारपणात, अथवा गर्भारपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गर्भारपणाशी किंवा त्याच्या उपचाराशी संबंधित अशा कारणाने स्त्रीला मृत्यू आला, तर त्यास मातामृत्यू म्हणतात. याच मुदतीत ती अपघातात सापडून गेली, तर तो मृत्यू या सदरात धरला जात नाही. अशा मृत्यूंची संख्या दर एक लाख जिवंत जन्मांमागे सांगण्याचा प्रघात आहे. अर्भकमृत्यू म्हणजे जन्मापासून एक वर्षाच्या आत आलेला मृत्यू, आणि तो दर हजार जन्मांमागे मोजतात. त्यांतील पहिल्या २८ दिवसांत आलेले मृत्यू नवजात-मृत्यू म्हणून वेगळे काढले जातात.

आता आकडे पाहू. अमेरिकेत २०२३ साली मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे १८.६ होते, पण हीच बेरीज वंशवार फोडली असता गौरवर्णीय स्त्रियांत ते १४.५ आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३ असल्याचे आढळले. याचा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून एक साधे गणित करू. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या पोटी एक लाख मुले जन्मली, तर सुमारे ५० माता दगावल्या; गौरवर्णीयांचेच प्रमाण त्यांनाही लागू असते, तर १४ किंवा १५ दगावल्या असत्या. उरलेल्या सुमारे ३६ स्त्रिया, म्हणजे दर १० मृतांपैकी ७, या केवळ तफावतीच्या बळी होत. अर्भकांची गोष्टही अशीच आहे: २०२२ साली हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या गौरवर्णीय बालकांची संख्या ४.५, तर कृष्णवर्णीय बालकांची १०.९ होती.

या आकड्यांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. अमेरिकेतील मृत्यूच्या दाखल्यावर, मृत स्त्री गरोदर होती काय किंवा नुकतीच बाळंत झाली होती काय, हे दर्शविणारा एक चौकोन २००३ पासून घालण्यात आला. निरनिराळ्या राज्यांनी तो निरनिराळ्या वर्षी स्वीकारला, सर्व राज्यांत तो येईपर्यंत २०१७ साल उजाडले, आणि तो भरताना पुष्कळ चुका होऊन, उतारवयाच्या, मुळीच गरोदर नसलेल्या स्त्रियाही काही ठिकाणी या सदरात नोंदल्या गेल्या. सबब एकूण प्रमाण वर्षानुवर्षे किती वाढले यासंबंधीचे काही निष्कर्ष जपून घ्यावे लागतात. तथापि मृत्यूचे दाखले आणि जन्माच्या नोंदी एकमेकींशी ताडून, वैद्यकीय तपासनिसांकरवी प्रत्येक मृत्यू पडताळणारी एक स्वतंत्र पद्धतही त्या देशात आहे, जी बाळंतपणानंतरचे संपूर्ण वर्ष हिशेबात घेते. आणि तिच्या २००७ ते २०१६ या काळातील नोंदींत कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण ४०.८, तेथील मूळ रहिवासी जमातींतील स्त्रियांचे २९.७ आणि गौरवर्णीयांचे १२.७ निघाले. दोन भिन्न दप्तरांतून एकच तफावत निघते, त्या अर्थी ती नोंदणीतील दोषाने उत्पन्न झालेली नाही.

२. मृत्यू कशाने येतो

बाळंतपणात स्त्रीच्या जिवावर येणारी संकटे मोजकी आहेत आणि वैद्यकास त्यांची चांगली ओळख आहे. वार पडल्यानंतर गर्भाशय आकुंचन न पावल्यास रक्तस्राव थांबत नाही. रक्तदाब अतोनात चढल्यास आकडी येते किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. पायातील शिरेत गोठलेले रक्त फुप्फुसात जाऊन अडकते. जंतुसंसर्ग होऊन सर्व देह विषारतो. गर्भारपणाच्या भाराने हृदयाचा स्नायू दुर्बळ होतो. आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत मनाचा तोल ढळून आत्मघात अथवा मादक पदार्थांचा अतिरेक घडतो.

अमेरिकेतील ३६ राज्यांत मातामृत्यूंची चौकशी करणाऱ्या समित्यांनी बाळंतपणानंतरच्या वर्षभराची मुदत धरून २०१७ ते २०१९ या काळातील मृत्यूंचे एकेक प्रकरण तपासून जे निष्कर्ष काढले, त्यांतील दोन येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा की, १०० पैकी ८४ मृत्यू टाळता आले असते. दुसरा असा की, १०० पैकी ५३ मृत्यू बाळंतपणानंतर एका आठवड्यापासून एका वर्षापर्यंतच्या काळात, म्हणजे बाळ-बाळंतीण इस्पितळातून घरी परतल्यावर, आलेले होते. बाळंतपण सुखरूप पार पडले म्हणजे धोका टळला, हा सर्वसामान्य समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो. ज्या मृत्यूचे कारण ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे आणि उपायास अवधीही आहे, असा मृत्यू एका समूहात वारंवार का यावा, असे प्रश्नाचे खरे स्वरूप आहे.

३. रक्तातच काही आहे काय

कृष्णवर्णीय अमेरिकन मातांची मुले सरासरीने कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची जन्मतात. अपुऱ्या दिवसांच्या जन्मांचे प्रमाण २०२२ साली त्यांच्यात सुमारे साडेचौदा टक्के आणि गौरवर्णीयांत सुमारे साडेनऊ टक्के होते. जन्मतःच हलके असलेले मूल लवकर दगावते, म्हणून या वजनाचे मूळ शोधणे महत्त्वाचे ठरते. हे मूळ आफ्रिकी वंशात असेल, तर एक गोष्ट अटळपणे घडली पाहिजे: जिच्या ठायी आफ्रिकी वारसा अधिक शुद्ध, तिचे मूल अधिक हलके असले पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत गेल्या साडेतीन-चार शतकांत युरोपीय रक्ताची बरीच भेसळ झालेली आहे. तेव्हा आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्त्रियांची मुले सर्वांत हलकी निघावयास हवीत.

रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन वैद्यांनी नेमकी हीच कसोटी लावली. इलिनॉय राज्यातील १९८० ते १९९५ या काळातील जन्मनोंदी तपासून त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली सरासरी वजने अशी: अमेरिकेत जन्मलेल्या गौरवर्णीय मातांची मुले ३,४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची ३,३३३ ग्रॅम, आणि अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची ३,०८९ ग्रॅम. आफ्रिकेतून आलेल्या मातांची मुले गौरवर्णीयांच्या मुलांच्या जवळ, आणि पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेतच राहिलेल्यांची मुले मात्र दूर. पुढे २००२ साली याच संशोधकांनी आणखी एका पिढीचा मागोवा घेतला, तेव्हा युरोपातून आलेल्या गौरवर्णीय स्त्रियांच्या मुलींना झालेली मुले आधीच्या पिढीपेक्षा वजनदार निघाली, तर आफ्रिकेतून व कॅरिबियन बेटांतून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलींना झालेली मुले आधीच्या पिढीपेक्षा हलकी निघाली. वंश तोच, वारसा तोच. बदलली ती केवळ वाढण्याची भूमी आणि तेथील वागणूक. रक्ताचा सिद्धांत या पुराव्यापुढे टिकत नाही.

४. मग दारिद्र्य आणि अज्ञान?

रक्ताचे कारण निकालात निघाल्यावर वाचक स्वाभाविकपणे दारिद्र्याकडे वळतो. कृष्णवर्णीय समाज अधिक गरीब, अधिक अशिक्षित, म्हणून त्याच्या स्त्रिया अधिक दगावतात, हे म्हणणे काही अंशी खरेही आहे. गरिबीने बाळंतपण अधिक धोक्याचे होते, याविषयी दुमत नाही. पण ते पुरेसे आहे काय, हे पाहण्याचा मार्ग सोपा आहे: समान शिक्षण असलेल्या स्त्रियांची तुलना करावी. २००७ ते २०१६ च्या उपर्युक्त नोंदींत महाविद्यालयीन पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृत्युप्रमाण तशाच पदवीधर गौरवर्णीय स्त्रियांच्या पाचपटीहून अधिक होते. इतकेच नव्हे, तर ज्या गौरवर्णीय स्त्रियांचे माध्यमिक शिक्षणही पुरे झाले नव्हते, त्यांच्याशी तुलना केली असताही पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण १.६ पट भरले. शिक्षणाने जे संरक्षण एका समूहास मिळते, ते दुसऱ्यास तितके मिळत नाही.

पैसा आणि कीर्ती यांची गोष्टही निराळी नाही. प्रख्यात टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना २०१७ साली शस्त्रक्रियेने कन्या झाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा श्वास कोंडू लागला. फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा विकार त्यांना पूर्वी होऊन गेलेला असल्यामुळे त्यांनी स्वतःच ओळखले की, हे तेच आहे, आणि कोणती तपासणी व कोणते औषध हवे हेही सांगितले. परंतु वेदनाशामक औषधामुळे त्या गोंधळल्या असाव्यात असे परिचारिकेस वाटले, आधी दुसरीच तपासणी करण्यात आली, आणि त्यांनी आग्रह धरल्यानंतर केलेल्या तपासणीत फुप्फुसांतील गुठळ्या दिसल्या. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केली आहे. ज्या स्त्रीला आपल्या देहाची इतकी नेमकी माहिती आणि आपले म्हणणे लावून धरण्याइतके सामर्थ्य होते, तिचा जीव वाचला. जिच्यापाशी यांपैकी एकही नाही, तिचे काय होत असेल हा विचार प्रत्येक वाचकाने करावा.

उपचार फुकट असले म्हणजे प्रश्न सुटेल काय? ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या इस्पितळांत तेथील रहिवाशांना सामान्यतः बाळंतपणाचे बिल होत नाही, आणि मातामृत्यूंची गोपनीय चौकशी तेथे १९५२ पासून अव्याहत चालू आहे. तरीही २०१८ ते २०२० या काळाच्या अहवालात कृष्णवर्णीय स्त्रियांचा धोका गौरवर्णीयांच्या जवळजवळ चौपट होता, आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांचा, ज्यांत भारतातून गेलेल्या कुटुंबांतील स्त्रियाही आल्या, दुपटीच्या आसपास होता. त्यानंतरच्या अहवालांत अंतर काहीसे घटले असले, तरी कृष्णवर्णीयांचा धोका दुपटीहून अधिकच राहिला आहे. पैशाची अडचण दूर करणे अत्यावश्यक आहे. तेवढ्याने काम भागत नाही.

५. देहाची झीज

येथे एक नवी कल्पना समजून घ्यावी लागते. आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेस असे आढळले की, गौरवर्णीय स्त्रियांत पहिले मूल विशीनंतर झाल्यास ते जगण्याची शक्यता, किशोरवयात झालेल्या मुलापेक्षा, अधिक असते, आणि हे आपल्या अपेक्षेस धरूनच आहे. परंतु कृष्णवर्णीय स्त्रियांत याच्या उलट, अठरा-एकोणीस वर्षांच्या मातांची मुले पंचविशीतल्या मातांच्या मुलांपेक्षा अधिक जगतात. ज्या वयात देह सर्वांत सुदृढ असावा, त्या वयात त्यांचा देह उतरणीस लागलेला असतो, असाच याचा अर्थ होतो. जेरोनिमस यांनी १९९२ साली यास जे स्पष्टीकरण दिले, ते देहाच्या अकाली झिजेचे होय.

संकटाची चाहूल लागताच शरीर काही रसद्रव्ये रक्तात सोडते. त्यामुळे नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, साखर वाढते, आणि संकट टळताच सर्व पूर्ववत होते. ही योजना अल्पकालीन प्रसंगासाठी आहे. परंतु घर भाड्याने मागताना, नोकरीसाठी अर्ज करताना, दुकानात, रस्त्यावर, पोलिसांसमोर, मुलाला शाळेत पाठविताना, आपणास कोणत्या वागणुकीला तोंड द्यावे लागेल या चिंतेने जिचा देह सतत सज्ज असतो, तिच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि मूत्रपिंडे यांना विश्रांती कधी मिळतच नाही; आणि वर्षे जातात तशी ती झीज साचत जाते. गर्भारपणात हृदयावरचा भार वाढतो, तेव्हा ही साचलेली झीज फाजील रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, हृदयाचे दौर्बल्य या रूपांनी प्रकट होते. कृष्णवर्णीय बाळंतिणींच्या मृत्यूंच्या कारणांत हृदयाच्या विकारांना अग्रस्थान आहे, ही गोष्ट या विचाराशी जुळते. पदवी मिळाल्याने ही वागणूक संपत नाही. म्हणून पदवीधर स्त्रीही या झिजेतून सुटत नाही.

६. इस्पितळाच्या आत आणि बाहेर

देह झिजलेला असला तरी वेळेवर उपचार मिळाल्यास मृत्यू टळू शकतो, हे आपण पाहिले. तेव्हा उपचार कोठे आणि कसे मिळतात हे पाहणे प्राप्त आहे. धरणाच्या पाटावर ज्याचे शेत तोंडाशी असते त्यास पाणी भरपूर मिळते, आणि ज्याचे शेत पाटाच्या शेपटाला असते त्याच्यापर्यंत ते पोहोचता पोहोचता आटते. दोघांची जमीन एका प्रतीची, बियाणे एका पोत्यातले, पाणीपट्टीची पावतीही दोघांपाशी, आणि तरीही एकाचे पीक वाळते. त्या वाळलेल्या पिकावरून जमिनीस दोष देणारा मनुष्य पाटाकडे पाहावयास विसरलेला असतो.

अमेरिकेतील हा पाट कसा वाहतो, याचे मोजमाप झालेले आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांची सुमारे तीन-चतुर्थांश बाळंतपणे देशातील केवळ एक-चतुर्थांश इस्पितळांत होतात, आणि त्याच इस्पितळांत गौरवर्णीयांची जेमतेम १८ टक्के होतात. या इस्पितळांत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण सर्वच वर्णांच्या स्त्रियांत अधिक आढळते. न्यूयॉर्क शहरातील नोंदींवरून एलिझाबेथ हॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा हिशेब मांडला की, गंभीर गुंतागुंतीतील तफावतीचा जवळजवळ निम्मा भाग, कोणती स्त्री कोणत्या इस्पितळात बाळंत होते, एवढ्यावरूनच उलगडतो. खेड्यापाड्यांत तर इस्पितळाचीच वाण आहे. प्रसूतीची सोय असलेले एकही इस्पितळ नाही अशा ग्रामीण परगण्यांचे प्रमाण २००४ साली ४५ टक्के होते, ते २०१४ पर्यंत ५४ टक्क्यांवर गेले. आणि जेथे कृष्णवर्णीय वस्ती अधिक, तेथे ही सोय बंद पडण्याचा संभव अधिक होता.

इस्पितळात पोहोचल्यावरही सर्वांचे म्हणणे सारख्याच कानाने ऐकले जाते असे नाही. कृष्णवर्णीयांची त्वचा अधिक जाड असते, यासारख्या निराधार समजुतींविषयी अमेरिकेतील गौरवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्यांना व शिकाऊ डॉक्टरांना विचारले असता, त्यांतील सुमारे निम्म्यांना अशी किमान एक समजूत खरी वाटत होती, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आणि ज्यांच्या मनात अशा समजुती होत्या, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेचा अंदाज कमी केला. हा पूर्वग्रह गणिताच्या कोष्टकांतही शिरला होता. एकदा शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या स्त्रीला पुढल्या खेपेस नैसर्गिक प्रसूती साधेल काय, याचा अदमास करणारे एक कोष्टक २००७ पासून प्रचारात होते. त्यात वय, वजन, पूर्वीची बाळंतपणे यांच्या जोडीला वंशाचाही रकाना होता, आणि बाकी सर्व माहिती तंतोतंत सारखी असूनही कृष्णवर्णीय अथवा लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रीला यशाची शक्यता कमी दाखविली जात असे. तो रकाना २०२१ साली काढून टाकण्यात आला.

७. हे कोठून आले

ही व्यवस्था आपोआप उगवलेली नाही. तिला कायद्याचा आधार होता. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली असा कायदा केला की, मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरावा. म्हणजे गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल, त्याचा पिता कोणीही असो, जन्मतःच गुलाम. बाहेरून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी झाल्यावर तर या स्त्रियांची कूस हीच मालकांच्या संपत्तीवाढीचे साधन बनली. ज्यास पुष्कळ काळ आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरविले जात होते, त्या जेम्स मॅरियन सिम्सने अलाबामातील माँटगोमेरी येथे १८४५ ते १८४९ या काळात, बाळंतपणात मूत्राशयास पडणाऱ्या छिद्रावरील शस्त्रक्रिया गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुनःपुन्हा करून साधली. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांतील तिघींची नावे त्याच्याच लेखनामुळे शिल्लक आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्याचा पुतळा २०१८ साली हलविण्यात आला.

गुलामगिरी गेली तरी दक्षिणेकडील राज्यांत इस्पितळांचे वॉर्ड वेगळेच राहिले, आणि खेड्यांतील कृष्णवर्णीय बाळंतिणींची मदार बहुतांशी त्यांच्याच समाजातील अनुभवी सुईणींवर राहिली. जॉर्जिया राज्याच्या आरोग्यखात्याने सुईणींच्या शिक्षणासाठी १९५३ साली जो चित्रपट काढला, त्यात मेरी कोली या सुईणीचे दक्ष, स्वच्छ आणि मायेचे काम आजही पाहावयास मिळते. पुढील दशकांत मात्र या सुईणींचे परवाने क्रमाने बंद करण्यात आले. १९४६ च्या एका कायद्याने सरकारी पैशातून नवी इस्पितळे बांधण्याची योजना झाली, पण तिच्यातही वेगळ्या वॉर्डांना वा वेगळ्या इमारतींना मुभा होती.

याच्या पुढची हकीकत या प्रकरणाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेस वंशभेद करता येणार नाही, असे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ठरविले. आणि १९६५ च्या कायद्याने वृद्धांच्या उपचाराचा खर्च केंद्र सरकारने उचलला, तेव्हा त्या पैशासाठी इस्पितळांना आपली दारे सर्वांस उघडावी लागली. मिसिसिपी राज्याच्या खेड्यांत याचा परिणाम तत्काळ दिसला. १९६५ ते १९७१ या अवघ्या सहा वर्षांत तेथील कृष्णवर्णीय अर्भकांचे, विशेषतः जन्माच्या पहिल्या महिन्यानंतर जुलाबाने व न्यूमोनियाने होणारे, मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे जे आजार इस्पितळात नेल्यास बरे होतात, नेमक्या त्याच आजारांचे. त्या सहा वर्षांत कोणाचे रक्त बदलले नव्हते. बदलला होता फक्त इस्पितळाचा नियम.

८. अंतर कशाने मिटते

कॅलिफोर्नियात २००६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आश्रयाने इस्पितळांची एक सहकारी योजना सुरू झाली. तिचे मर्म असे की, कोणत्या प्रसंगी काय करावयाचे हे आगाऊ लिहून ठेवावे, साहित्य हाताशी ठेवावे, आणि ते प्रत्येक बाळंतिणीस न चुकता लागू करावे. रक्तस्रावाचे उदाहरण घेऊ. किती रक्त गेले याचा नजरेने केलेला अंदाज बहुधा खऱ्यापेक्षा कमी भरतो. म्हणून भिजलेली कापडे वजन करून पाहावीत, असा नियम झाला. एक ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलिलिटर. कोरी कापडे २०० ग्रॅमची आणि भिजल्यावर ८०० ग्रॅमची भरली, तर ६०० मिलिलिटर रक्त गेले. नैसर्गिक प्रसूतीत ५०० च्या पुढे सावध व्हावयाचे असते, तेव्हा बाळंतीण तक्रार करो वा न करो, धोक्याची घंटा वाजलीच. तसेच, रक्तदाब वरचा १६० किंवा खालचा ११० इतका चढून टिकला, तर तासाभराच्या आत औषध गेलेच पाहिजे. अशा नियमांपुढे परिचारिकेच्या मनातील अंदाजाला, आणि त्या अंदाजात दडलेल्या पूर्वग्रहाला, वाव उरत नाही. २००६ ते २०१३ या काळात कॅलिफोर्नियातील मातामृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि त्याच काळात उर्वरित देशात घट झाल्याची नोंद नाही. वंशावंशांतील अंतर तेवढ्याने नाहीसे झाले नाही. तरी रक्तस्रावापासून होणाऱ्या गंभीर गुंतागुंतीच्या बाबतीत ते लक्षणीय कमी झाले.

घरी परतल्यानंतरच्या मृत्यूंना मात्र इस्पितळातील नियम पुरा पडत नाही. अमेरिकेतील पाचांपैकी सुमारे दोन बाळंतपणांचा खर्च मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतून होतो, आणि तिचे संरक्षण पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपत असे. म्हणजे ज्या काळात निम्म्याहून अधिक मृत्यू येतात, त्याच्या बहुतांश भागात ती स्त्री वाऱ्यावर. २०२१ च्या कायद्याने ही मुदत १२ महिन्यांपर्यंत वाढविण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली आहे.

९. आपल्या दप्तरातील रकाना

हा प्रश्न परदेशाचा म्हणून मराठी वाचकाने दूर ठेवण्यासारखा नाही. आपल्या दप्तरांत वंशाच्या जागी जात आणि जमात येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू अनुसूचित जातींत सुमारे ४५, अनुसूचित जमातींत ४४, आणि मागास नसलेल्या इतर वर्गांत ३२ होते. येथेही कोणी रक्ताचे, रूढीचे किंवा अडाणीपणाचे कारण पुढे करतो. आणि येथेही त्याचे उत्तर प्रत्यक्ष कामाने दिले गेले आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. बाळास ऊब देणे, स्तनपान नीट लावून देणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाची सुई टोचणे, ही कामे त्या आरोग्यदूत घरोघर जाऊन करू लागल्या. या गावांतील नवजात-मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले; शेजारच्या ज्या गावांत ही योजना नव्हती, तेथे ते जवळपास होते तेथेच राहिले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी भेटी देण्याची पद्धत सरकारने देशभर सुरू केली. त्या ३९ गावांतील माता त्याच जातीजमातींच्या, त्याच गरिबीतल्या होत्या. त्यांच्या दाराशी शिकलेली बाई वेळेवर येऊ लागली, एवढाच फरक झाला.

१०. निष्कर्ष

आता आरंभीच्या उत्तराचा निकाल लावता येतो. आफ्रिकेतून आलेल्या मातेचे मूल वजनदार आणि तिच्या अमेरिकन मुलीचे मूल हलके असेल, तर कारण वंशात नाही. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्री माध्यमिक शिक्षणही पुरे न झालेल्या गौरवर्णीय स्त्रीहून अधिक दगावत असेल, तर कारण केवळ शिक्षणात नाही. उपचार फुकट असूनही अंतर राहत असेल, तर कारण केवळ पैशातही नाही. उरते ती वागणूक: आयुष्यभर देह झिजविणारी समाजाची, आणि ऐन प्रसंगी कान न देणारी इस्पितळाची. म्हणून यापुढे अशा तफावतीचा आकडा वाचनात आला, म्हणजे त्या समूहाच्या ठायी काय उणे आहे असे न विचारता, सर्वांत जवळचे प्रसूतिगृह दगावलेल्या स्त्रीपासून किती कोसांवर होते, तिने सांगितलेले दुखणे कोणी लिहून घेतले काय, तिचा रक्तदाब कोणी केव्हा मोजला, आणि दहाव्या दिवशी तिच्या घरी कोण गेले, हे चार प्रश्न विचारावेत. या चारही प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत सापडतात, त्यांस जबाबदार असणारे अधिकारी सापडतात, आणि ती बदलता येतात. मनुष्याच्या कायद्याने जे अंतर निर्माण केले आणि मिसिसिपीत सहा वर्षांत मनुष्याच्याच कायद्याने जे कमी केले, त्यास निसर्गाची इच्छा म्हणणे हे ज्ञानाच्या दृष्टीने चूक आणि त्या मातांच्या दृष्टीने अन्याय आहे.